शेळीच्या श्वासनळीपाशी थांबू नका: बेळगावच्या वनौषधी-संशोधकांना खुलं पत्र

प्रति,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था, नेहरूनगर, बेळगाव, तसेच जिल्ह्यातल्या आयुर्वेद आणि फार्मसी महाविद्यालयांत वनस्पतींवर काम करणारी सर्व संशोधक मंडळी यांस

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात गेली सव्वीस वर्षं औषधाचं दुकान चालवते. माहेर निपाणी, शिक्षण बेळगावात, फार्मसीचं. तुमच्यातले काही जण मी बसले त्याच बाकांवर बसून शिकले असतील. तेव्हा हे पत्र परक्या माणसाचं समजू नका.

इकडं दम्याचे मोसम दोन. पहिला पावसाळ्याचा. जांबोटी, कणकुंबीकडं झड लागली की कितीतरी दिवस ऊन दिसत नाही. मातीच्या भिंतींना ओल येते, ओलीवर काळी बुरशी चढते, गोधड्या चुलीवरच्या दांडीला टांगून वाळवायच्या आणि चुलीतलं लाकूडही ओलंच. दुसरा मोसम सुगीचा: भाताच्या मळणीचा भुसा, आणि पूर्वेकडं उसाची तोड झाली की पेटवलेल्या पाचटाचा धूर. या दोन्ही मोसमांत दुकानापुढं उभं राहून माणसं एकच प्रश्न विचारतात, कुणी मराठीत, कुणी कन्नडात. "बाई, अडुळशानं दमा जातो म्हणं. पेपरात आलंय. मग ह्यो पंप कशाला?"

पंप म्हणजे औषध श्वासावाटे ओढायचा इन्हेलर. या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर माझ्याकडं नाही. ते तुमच्याकडून यायला हवं, म्हणून लिहिते आहे.

पेपरात काय येतं ते तुम्ही जाणताच. कुणीतरी एखाद्या पानाचा अर्क काढतं, तो श्वासनळीच्या तुकड्यावर टाकतं, नळी सैल पडते. निबंधाच्या शेवटी इंग्रजीत लिहिलेलं असतं, की ही वनस्पती दम्यावर उपयोगी ठरण्याची शक्यता आहे, पुढील अभ्यास व्हावा. त्यातला 'शक्यता' हा शब्द बेळगावहून खानापूरला येईपर्यंत वाटेत कुठंतरी गळून पडतो. माझ्या दुकानात पोचतं ते इतकंच: दम्यावर औषध सापडलं.

हा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. साल १९९७, शेवटचं वर्ष. पहाटे खाटीकखान्यात जाऊन नुकत्याच कापलेल्या शेळीची श्वासनळी आणायची, बर्फात ठेवलेल्या क्षारांच्या पाण्यात बुडवून. प्रयोगशाळेत आल्यावर तिच्या कड्या कापायच्या, बांगड्यांसारख्या. प्रत्येक कडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, एका बाजूनं छेदायची, आणि अशा पाच-सहा कड्या दोऱ्यानं एकीखाली एक बांधून साखळी करायची. ती साखळी काचेच्या नळकांड्यात सोडायची. पाणी ३७ अंशांवर, खालून हवेचे बुडबुडे. पाऊण तास काहीच करायचं नाही, फक्त पाणी बदलत राहायचं. मग हिस्टामिनचा, म्हणजे श्वासनळी आवळणाऱ्या द्रव्याचा, थेंब. साखळी आवळली की वर बांधलेली तरफ हलते आणि काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ चढत जाते. तो कागदही आम्हीच सकाळी दिव्याच्या धुरावर फिरवून काळा केलेला. हाताला, नाकाला, ओढणीला काजळी.

त्या दिवशी आवळलेल्या साखळीवर मी अडुळशाच्या पानांचा अर्क टाकला आणि रेघ खाली आली. हळूहळू, पण आली. शेळी अडुळशाला तोंड लावत नाही, म्हणून तर आमच्याकडं शेताच्या कुंपणाला अडुळसा लावतात. आणि त्याच शेळीची नळी अडुळशाच्या अर्कात माझ्या डोळ्यांदेखत सैल पडत होती. कागद राळेच्या द्रावणात बुडवून पक्का केला, वाळवला, आणि शनिवारी निपाणीला आईला दाखवायला घेऊन गेले.

आई तंबाखूच्या वखारीत काम करायची. चाळणी मारायची, भुकटी वेगळी करायची. निपाणीच्या ज्या घरांतल्या बायका वखारीत गेल्या, त्या घरांत खोकल्याचा आवाज घड्याळासारखा असतो, कुणी मान वर करून बघत नाही. आईला चाळिशीच्या आत दमा लागला. ती थिओफायलिनची आणि साल्ब्युटामॉलची, नळी उघडणारी गोळी घ्यायची, हात थरथरायचे, काळजात धडधडायचं, म्हणून गोळ्यांना वैतागलेली. मी तो काळा कागद पसरून तिला सांगितलं, बघ, अडुळशानं नळी उघडते. परसात झुडूप होतंच. तिनं गोळ्या बंद केल्या. पानं तव्यावर वाफवायची, फडक्यातून रस पिळायचा, मध घालून चाटायचा. मी अडवलं नाही. माझ्या हातात पुरावा होता ना.

महिनाभर बरं चाललं, किंवा तसं वाटलं. दिवाळीच्या आधी घर झाडायला काढलं आणि त्या रात्री तिला जे लागलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दोन हात खाटेच्या कडेवर टेकून बसलेली, मान पुढं, खांदे वर, गळ्याच्या खड्ड्यात कातडी आत जातेय, आणि घरघरही ऐकू येईना. छातीत आवाज थांबला म्हणजे हवा जायची थांबली, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाच दिवस दवाखान्यात काढले. परत आल्यावर तिनं मला जवळ बसवून सांगितलं, "पोरी, तुजी नळी पाण्यात हाय. माजी छातीत हाय गं."

फार्मसीच्या चार वर्षांत मला याहून नेमकं कुणी शिकवलं नाही.

काचेच्या नळकांड्यात अर्क थेट स्नायूवर पडतो, आणि तोही असा घट्ट, की तेवढं प्रमाण रक्तात यायला माणसाला पानांची पाटी खावी लागेल. प्यायलेला रस पोटातून जातो, आतड्यातून जातो, यकृत त्यातलं काही मोडून टाकतं. शिवाय प्रयोगातला अर्क बहुतेक वेळा मिथेनॉल या अल्कोहोलात काढलेला असतो आणि घरातला काढा पाण्यात. दोन्हींत उतरणारी द्रव्यं वेगळी. पान श्रावणातलं की वैशाखातलं, कोवळं की जून, यानंही फरक पडतो. आणि कापलेली नळी सैल पाडणारे पदार्थ इतके आहेत, की नळी सैल पडली म्हणून दम्याचं औषध मिळालं असं म्हणता येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट ही, की दमा म्हणजे नुसती आवळलेली नळी नव्हे. आतलं अस्तर सुजलेलं असतं, चिकट कफ दाटलेला असतो, आणि मग जरा धूळ लागली की आवळणं येतं. नळी तेवढी उघडली आणि सूज तशीच ठेवली तर रोगी दोन तास बरा दिसतो आणि आतून बिघडत जातो. म्हणून तर दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'गिना' या जागतिक मंडळानं २०१९ साली सांगितलं, की मोठ्या माणसांना नुसता साल्ब्युटामॉलचा पंप देऊन भागवू नका, सूज उतरवणारं औषध सोबत द्या. जिथं साल्ब्युटामॉलसारखं खात्रीचं औषधही एकटं पुरत नाही, तिथं एकट्या अडुळशावर कुणाला कसं सोडायचं?

गिनीपिगचा प्रयोगही तसाच. हिस्टामिनची वाफ दिली की गिनीपिग धापा टाकतं, आणि आधी औषध दिलं असेल तर उशिरा टाकतं. पण हिस्टामिनच्या बाबतीत गिनीपिग भलतंच हळवं जनावर आहे. सर्दी-खाजेच्या साध्या ॲलर्जीच्या गोळीनं ते पूर्ण वाचतं. त्याच गोळीनं माणसाचा दमा आटोक्यात येत नाही, हे जगानं कित्येक वर्षांपूर्वी पाहिलं. तरीही अर्क बदलून तोच प्रयोग अजून चालू आहे.

मी वनस्पतींच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. माझ्या दुकानाचा दम्याचा कप्पा उघडला तर त्यात अर्धं जंगलच आहे. १८८८ साल घ्या. त्या वर्षी जर्मनीत आल्ब्रेख्त कोसेलनं चहाच्या पानांतून थिओफायलिन वेगळं केलं, आणि त्याच वर्षी आपल्याकडं डेव्हिड हूपरनं अडुळशाच्या पानांतलं व्हॅसिसिन हे द्रव्य जगापुढं मांडलं. चहातल्या द्रव्याची मात्रा ठरली, रक्तात किती असावं हे ठरलं, त्रास कोणता होतो हे कळलं, आणि ते माझ्या आईच्या गोळीत आलं. व्हॅसिसिनवरून पुढं ब्रोमहेक्सिन निघालं, त्यातून ॲम्ब्रॉक्सॉल, आणि खोकल्याच्या त्या बाटल्या मी रोज विकते. पण ती औषधं कफ पातळ करायला. अडुळसा स्वतः दम्यावर किती, कुणाला, कोणत्या मात्रेत, हे सव्वाशे वर्षं उलटूनही मला गिऱ्हाइकाला सांगता येत नाही.

धोतऱ्याची गोष्ट तर आपल्याच देशातून निघाली. त्याची मुळं-पानं ओढून दमा हलका होतो, हे ज्ञान १८०२ च्या सुमारास मद्रासेहून इंग्लंडात गेलं आणि तिकडं दम्याच्या सिगारेटी निघाल्या. धोतऱ्यात ॲट्रोपिन असतं. ते नळी उघडतं खरं, पण तोंड सुकवतं, डोळ्यांपुढं अंधारी आणतं, भ्रम करतं, आणि मात्रा जराशी चुकली तर माणूस जातो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत असा बदल केला की तो फुप्फुसातच राहावा, रक्तात फार उतरू नये. ते झालं इप्राट्रोपियम. ते आज मशीनच्या वाफेत देतात. चीनच्या माहुआंग या झुडपातून नळी उघडणारं एफेड्रिन आलं. जपानच्या नागाईंनी ते १८८५ मध्ये वेगळं केलं, १९२४ मध्ये चेन आणि श्मिट यांनी त्याचं काम जगाला दाखवलं. इजिप्तच्या एका बडीशेपेसारख्या झाडाच्या खेलिन या द्रव्यावरून दम्याचा झटका टाळणारं क्रोमोग्लायकेट निघालं. रॉजर आल्टून्यान हे त्यामागचे डॉक्टर स्वतः दमेकरी. गिनीपिगच्या अंगावरच्या कोंड्याचा अर्क हुंगून ते स्वतःला धाप लावून घ्यायचे आणि एकेक रेणू स्वतःवर तपासायचे. कित्येक वर्षं हे चाललं, १९६५ साली हाती लागलं. मुंबईत पानओव्याच्या कुळातल्या कोलियसमधून फोर्स्कोलिन काढलं ते आपल्याच लोकांनी, सत्तरच्या दशकात. पेशीच्या आत ते नळी सैल करणारा जो संदेश वाढवतं, तोच साल्ब्युटामॉल वेगळ्या दारानं वाढवतं.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. कुणीतरी नळकांड्यापाशी थांबलं नाही.

आणि माणसांपर्यंत नेलं की काय होतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच घाटात उगवतं. दमवेल, म्हणजे टायलोफोरा इंडिका. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. शिवपुरी यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ११० दमेकऱ्यांवर तिची चाचणी घेतली. रोज सकाळी एक पान चावून खायचं, सहा दिवस. अर्ध्यांना खरं पान, अर्ध्यांना खोटं. आठवड्याअखेर खऱ्या पानवाल्यांत ६२ टक्क्यांना बराच आराम, खोट्या पानवाल्यांत २८ टक्क्यांना. केवढी आशा! पुढं १९७९ मध्ये भारतातच दुसऱ्या गटानं, खरं कुणाला आणि खोटं कुणाला हे कळू न देता, तशीच चाचणी घेतली आणि फरक दिसला नाही. दमवेलीनं तोंड येतं, चव जाते, उलट्या होतात, हेही याच चाचण्यांतून कळलं.

मला यातली २८ टक्क्यांची ओळ फार महत्त्वाची वाटते. खोटं पान खाऊनही शंभरातल्या अठ्ठावीस जणांना बरं वाटलं. दमा चढतो आणि आपोआप उतरतो, हा त्याचा स्वभावच. उतरताना हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं: कोजागरीची खीर, मृगाला गिळलेला मासा, माझ्या आईचा अडुळसा. तुलनेला दुसरा गट नसेल तर कुणाचंच खोटं पडत नाही आणि कुणाचंच खरं ठरत नाही.

सालई धुपाचं उदाहरणही असंच अर्ध्यावर आहे. १९९८ साली ४० रोग्यांवरची चाचणी छापून आली. ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सहा आठवडे, ७० टक्क्यांना फायदा, तुलनेच्या गटात २७ टक्क्यांना. चाळीस माणसं! एवढी माणसं तर खानापूरच्या एका एसटीत मावतात. यावर औषध ठरत नाही, पण पुढं जायला कारण नक्की मिळतं.

दमवेलीचं नाव काढलं तर सीमाभागातली एक खास अडचण सांगितलीच पाहिजे. कन्नडात 'आडू मुट्टद' म्हणजे शेळी न शिवणारं. अडुळशालाही लोक आडू मुट्टद सोप्पू म्हणतात, आणि दमवेलीलाही आडू मुट्टद बळ्ळी. दोन्ही दम्यावरची म्हणून प्रसिद्ध. एक झुडूप, एक वेल. एकाच्या पानांचा रस घरोघरी चाटतात, दुसऱ्याची चार पानं जास्त झाली तर माणूस ओकून ओकून आडवा होतो. दोन वर्षांमागं एका आजींना नातवानं कन्नडात लिहिलेल्या चिठ्ठीवरून वेलीची पानं आणून दिली. त्यांनी मराठी घरातल्या सवयीनं अडुळसा समजून मूठभर पानांचा काढा केला. संध्याकाळी माझ्या पायरीवर बसून त्या उलट्या करत होत्या, आणि हातातली उरलेली पानं पाहून मला उलगडा झाला. आजी बऱ्या झाल्या. पण तुम्ही जेव्हा 'स्थानिक नाव' म्हणून निबंधात एक शब्द लिहिता, तेव्हा तो इथं दोन भाषांत दोन झाडांवर बसलेला असू शकतो, एवढं ध्यानात घ्या. अडुळसाही तसा अगदी निरुपद्रवी नाही. त्यानं गर्भाशय आकसतं, म्हणून दिवस गेलेल्या बाईनं तो घेऊ नये. हे मी काउंटरवर सांगते तेव्हा बायकांना पहिल्यांदाच ऐकायला मिळतं. "घरच्या काढ्यानं काय व्हतंय?" हा त्यांचा विश्वास.

या विश्वासाचा धंदा करणारे आहेत, त्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. पुड्या. बिननावाच्या, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, 'शुद्ध जडीबुटी' म्हणून गावोगाव फिरून विकलेल्या. माझ्याकडं येणारे एक शेतकरी, पन्नाशीचे, चार महिन्यांत गोल तोंडाचे झाले. गाल सुजल्यासारखे, हातापायांची काडी, कातडीला बोट लागलं तरी निळा डाग, साखर वाढलेली. दमा मात्र गायब. "बाई, झाडपाल्यानं रान मोकळं झालं बघा," असं आनंदानं सांगत होते. डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखलं: पुडीत स्टिरॉइड कुटून घातलेलं. पंपातलं स्टिरॉइड अगदी थोड्या मात्रेत थेट फुप्फुसात जातं, त्याला घाबरून माणसं पंप सोडतात, आणि पुडीतून तेच औषध कितीतरी पट रोज गिळतात, नकळत. ते एकदम थांबवलं तर शरीराची स्वतःची ग्रंथी जागी व्हायला वेळ लागतो आणि जीव धोक्यात येतो. त्यांना हळूहळू उतरवायला पाच महिने लागले.

कायदा आहे. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्याखालच्या नियमांच्या परिशिष्ट 'जे'मध्ये दम्याचं नाव आहे. त्यातला रोग आमचं औषध बरा करतं असा दावा करता येत नाही. पण पुडीवाल्याला परिशिष्ट ठाऊक नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. पुडीवाल्याच्या हातात काय असतं माहीत आहे? वर्तमानपत्राचं कात्रण. 'अमुक वनस्पतीत दम्यावर गुण, शास्त्रज्ञांचा निष्कर्ष.' तुमचं काम प्रामाणिक असतं, तरी त्याचं कात्रण त्याच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये घालून फिरतं.

भारतात साडेतीन कोटींच्या आसपास दमेकरी आहेत, जगातल्या दमेकऱ्यांच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतके. पण दम्यानं जगात मरणाऱ्या दर शंभरांत चाळीसहून अधिक आपले. पंप महाग वाटतो, पंपाची लाज वाटते, 'पंपाची सवय लागते' असं शेजारीण सांगते. मुलीला पंप आहे म्हटलं की स्थळ परत जातं. अशा वेळी झाडपाल्याची बातमी कानावर आली की पहिल्यांदा सुटतो तो पंपच.

म्हणून माझं मागणं तीन-चार गोष्टींचं आहे, आणि ते तुमच्याकडंच आहे. २००६ पासून प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून, आणि आता पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था म्हणून, तुम्ही आमच्या दारात आहात. दिल्ली-मुंबईला हात जोडण्याची गरज नाही.

नवी नवी झाडं नळकांड्यात घालण्याऐवजी दोन-तीनच घ्या: अडुळसा, भुईरिंगणी, हवं तर भारंगी. आणि ती माणसांपर्यंत न्या. पंपाच्या ऐवजी नव्हे, पंपासोबत. एका गटाला काढ्याची ठरलेली मात्रा, दुसऱ्याला तसाच कडू पण निरुपयोगी काढा, दोघांचाही पंप चालू. प्लास्टिकचा पीक फ्लो मीटर काही शे रुपयांना येतो. जोरात फुंकर मारायची, काटा जिथं थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. आमच्या बचतगटाच्या बायका दुधाचा हिशेब ठेवतात, त्यांना हे अवघड नाही. एक पावसाळा आणि एक सुगी, दोन्ही मोसम धरा. पंपाचे फवारे कमी लागले का, रात्रीची जाग कमी झाली का, एवढं जरी कळलं तरी मला काउंटरवर बोलता येईल. चाचणी सुरू करण्याआधी देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदवा, म्हणजे निकाल नकारार्थी आला तरी तो कपाटात जाणार नाही. 'उपयोग झाला नाही' हाही आमच्यासाठी निकालच आहे. तो १९९७ साली माझ्या हातात असता तर आईनं गोळ्या सोडल्या नसत्या.

संमतीपत्र आणि निकाल, दोन्ही मराठीत आणि कन्नडात द्या. यात भाषेचं राजकारण मी आणत नाही, ते आणणारे पुष्कळ आहेत. कणकुंबीच्या बाईला मराठी वाचता येतं, बैलहोंगलच्या बाईला कन्नड. दोघींची श्वासनळी एकाच कारणानं आवळते. झाडाचा फोटो छापा, पानाचा, फुलाचा, खोडाचा, म्हणजे नावाचा घोळ होणार नाही. आणि वर्तमानपत्राला बातमी देताना शेवटची ओळ तुम्ही स्वतः लिहून द्या, बातमीदारावर सोडू नका: हा प्रयोग जनावराच्या नळीवर झाला आहे, पंप बंद करू नये.

आणखी एक, थोडं वेगळं. तुमच्या निबंधानं एखाद्या झाडाला भाव आला की जंगलात काय होतं ते नरक्या या झाडानं दाखवून दिलं आहे. कर्करोगाच्या औषधासाठी त्याची मागणी वाढली आणि घाटातून नरक्या मुळासकट ओरबाडून गेला. भारंगीची मला तीच भीती आहे. औषधाला तिचं मूळ लागतं, आणि मूळ काढलं की झाड संपलं. पहिल्या पावसानंतर जांबोटीच्या बाजूच्या बायका भारंगीचा कोवळा पाला टोपलीत घेऊन येतात. कडवट भाजी, दोनदा उकळून पाणी टाकायचं, वर लसणाची फोडणी. छातीला चांगली म्हणून आम्ही वर्षातून चार वेळा तरी खातोच. मुळाऐवजी पानात काही गुण आहे का, हे तुम्ही तपासलंत तर टोपलीही राहील आणि झाडही. ज्या बाईनं तुम्हाला झाड दाखवलं तिचं नाव निबंधात कुठंतरी यावं, आणि पैसा झाला तर तिचा वाटाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या मुळाशी हाच वाटणीचा विचार आहे.

आई त्या दिवाळीनंतर एकवीस वर्षं जगली. पंप तिच्या पानाच्या चंचीत असायचा, चुन्याच्या डबीशेजारी. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे, गुळणी, मग पान. वखार सुटली तसा दमाही पुष्कळ आटोक्यात राहिला. अडुळसा तिनं सोडला नाही, खोकला झाला की चाटायची. पण पंप आधी.

निपाणीच्या परसातल्या त्या झुडपाची फांदी मी इकडं आणून लावली होती. आता दुकानामागं तीन झुडपं आहेत, माणसाच्या उंचीची, पांढऱ्या फुलांची. चाचणीसाठी पानं लागली तर कुणालाही पाठवा, कोणत्याही मोसमात. माझ्या दुकानात येणाऱ्या दमेकऱ्यांची मोजदाद मी वहीत ठेवली आहे, नावं वगळून तीही देईन. निकालाचं पत्रक दोन्ही भाषांत आलं की लावायला काउंटरच्या डाव्या हाताची भिंत मोकळी ठेवली आहे.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक औषधविक्रेती